कोसमगुडा कुठं होतं

चिचगडच्या सार्वजनिक वाचनालयात पगारी माणसं दोनच होती. ग्रंथपाल गिरजा रहांगडाले आणि सेवक दसरू उईके. गिरजाचं वय चव्वेचाळीस, आणि नवं काही दिसलं की तिचा हात थांबत नसे. घरी मिक्सर आणला तेव्हा सोबतची पुस्तिका तिनं शेवटच्या पानापर्यंत वाचली होती, हिंदीतली आणि इंग्रजीतली दोन्ही, आणि त्या दोन्हींत काय वेगळं लिहिलंय ते नवऱ्याला जेवताना सांगितलं होतं.

दसरूभाऊ सत्तावन्न वर्षांचे. वाचनालयातलं कोणतं पुस्तक कुठं आहे ते त्यांना अंधारातही सांगता आलं असतं. सुटलेल्या पुस्तकांची शिवण घालावी तर त्यांनीच. पण संगणकापासून ते चार हात लांब असत. झाडताना टेबलाखालून झाडू फिरवतानासुद्धा तारांना लागणार नाही अशा बेतानं फिरवत.

फेब्रुवारीत गोंदियाला ग्रंथालयांतल्या लोकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा झाली. शिकवायला नागपूरहून टीना नावाची मुलगी आली होती. ती अर्धं मराठीत बोलायची, अर्धं हिंदीत. "डरो मत, बटन दाबल्यानं काही फुटत नाही," असं सांगून तिनं सगळ्यांना एक कागद दिला. त्यावर इंटरनेटवरच्या वीसेक सोयींची नावं होती. यातली एक गोष्ट कामासाठी आणि एक निव्वळ स्वतःच्या आनंदासाठी वापरून बघा, एवढीच तिची अट. पण ती वाचनालयातल्या प्रत्येक माणसाला लागू होती, सेवक धरून; तसं पत्रही मागून वाचनालयात आलं.

गिरजानं पंधरा दिवसांत निम्मा कागद संपवला. मोबाईलनं पुस्तकांमागचे बारकोड टिपून दोन कपाटांची यादी केली. चिमणीपासून धनेशापर्यंत पक्ष्यांचे आवाज ओळखणारं एक ॲप परसात लावून बसली. रात्रीच्या आभाळाकडे फोन धरला की ताऱ्यांची नावं सांगणारं दुसरं एक मुलीला दाखवलं. दसरूभाऊंचा कागद मात्र होता तसा घडी घालून खिशात.

"दसरूभाऊ, तुम्ही काय बघणार?"

"मले कायले मॅडम? माह्यं काय अडून राहिलं?"

"अडलं म्हणून नाही. मौज म्हणून."

"मौज मी घरी करतो जी," असं म्हणून ते डिंकाचं भांडं धुवायला निघून गेले.

एका दुपारी वाचक कोणी नव्हते. गिरजा उपग्रहावरून काढलेली चित्रं बघत होती. सगळी पृथ्वी आधी चेंडूएवढी, मग जवळ जवळ येत आपलं गाव. तिला वाचनालयाचं छप्पर सापडलं, त्यावरची पाण्याची काळी टाकीसुद्धा. तिनं हाक मारली म्हणून दसरूभाऊ आले आणि दाराशीच थांबले.

"हे आपलं वाचनालय. आणि हे तुमचं घर, बरोबर?"

ते एक पाऊल पुढं आले, मग आणखी एक. थोड्या वेळानं ते खुर्चीच्या पाठीला धरून वाकले होते. "ह्ये मोहाचं झाड. ह्ये बैलबंडी... अरे, ह्ये तर मागल्या सालचं दिसते. तो भिंतीचा कूड आता पडला." मग त्यांनी विचारलं, "मॅडम, यात जुनं दिसते का?"

"किती जुनं?"

"कोसमगुडा होता तवाचं."

गिरजाला तेव्हा पहिल्यांदा कळलं. सतरा वर्षं एका छताखाली काम करून तिला हे माहीत नव्हतं. कोसमगुडा हे दसरूभाऊंचं मूळ गाव, तीस-बत्तीस घरांचं. वाघडोहचं धरण झालं त्यात ते बुडालं, आणि माणसं चिचगडच्या अलीकडे नवीन वस्तीत आली. तेव्हा दसरूभाऊ पाच वर्षांचे. त्यांना गाव आठवत नव्हतं. वडील असेपर्यंत घरात त्या गावाचं नाव काढायची सोय नव्हती. म्हातारा धरणाच्या दिशेला कधी पाऊल टाकत नसे. चिचगडातले लोक सांगत की गाव पार मध्यभागी आहे, पन्नास हात पाण्याखाली. म्हणून वडील गेल्यापासून दसरूभाऊ दरवर्षी एकदा धरणाच्या भिंतीवर जायचे आणि मधल्या खोल पाण्याकडे तोंड करून मोहाची फुलं वाहून यायचे.

गिरजानं सालं मागं नेणारी पट्टी सरकवली. चित्रं चाळीस वर्षांमागं जाऊन थांबली. धरण त्याच्याही आधीचं. तिथं पाणीच पाणी.

"नाही दिसत," ती म्हणाली. दसरूभाऊ मान हलवून परत डिंकाकडे गेले.

पण गिरजाला काही सुचेना. घरी भात उपसतानाही तिच्या डोक्यात तेच. तीस घरं एका जागी होती म्हणजे कुठंतरी होती. ती जागा पृथ्वीवरून गेलेली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं टीनाला फोन लावला. टीना म्हणाली, जुना नकाशा असेल तर बघता येईल. एक सोय अशी आहे की जुन्या नकाशाचा फोटो त्यात टाकायचा. त्या नकाशावरची एखादी खूण दाखवायची आणि तीच जागा आजच्या चित्रात दाखवायची. अशा पाच-सहा खुणा जुळल्या की जुना नकाशा आजच्या जमिनीवर चादरीसारखा बसतो.

आता जुना नकाशा आणायचा कुठून? हे गिरजानं मोठ्यानं म्हटलं तेव्हा दसरूभाऊ शिडीवर होते. ते तिथूनच बोलले, "कटरे पटवाऱ्याच्या पेटीत पायलं का?"

चंद्रकुमार कटरे नावाचे पटवारी वारले तेव्हा त्यांच्या मुलांनी वडिलांची पुस्तकं वाचनालयाला दिली होती. त्यांच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आली होती. आठ वर्षं ती मासिकांच्या गठ्ठ्यांखाली पडून होती. तिच्यात कापडावर चिकटवलेले गावांचे नकाशे निघाले. वाळवीनं काहींच्या कडा खाल्लेल्या. चौदावा नकाशा उलगडला आणि गिरजानं वरचं नाव वाचलं: मौजा कोसमगुडा.

दसरूभाऊंनी हात धोतराला पुसले, तरी नकाशाला बोट लावलं नाही.

तीन दिवस दोघं त्या नकाशामागं होते. सकाळी वाचकांची ये-जा, पुस्तकांची देवाणघेवाण. दुपारी दार लोटून नकाशा. त्यावर नाला होता, एक टेकडी, दोन रस्ते जिथं मिळतात तो फाटा, आणि मध्ये बारीक बारीक चौकोनांचा पुंजका. तेच गाव. गिरजानं फोटो टाकला. नाल्याचं वळण वळणाशी जुळवलं, टेकडी टेकडीशी. बटन दाबलं. नकाशा फिरला, ताणला गेला आणि बसला. कोसमगुडा टेकडीच्या ऐन माथ्यावर जाऊन बसलं होतं.

दसरूभाऊ पहिल्यांदा मोकळं हसले. "मॅडम, मंग आमी बुडालो काऊन?"

पुन्हा केलं. या खेपेला गाव धरणाच्या भिंतीपलीकडे गेलं. पुन्हा केलं, तर नकाशा असा पिळवटला की गिरजानंच संगणक बंद केला.

चौथ्या दिवशी सचिव रामलाल पटले आले. चाळीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले गुरुजी. त्यांनी आधी रजिस्टरांची धूळ पाहिली, मग टेबलावरचा नकाशा, मग संगणकावरचं निळं पाणी.

"हे वाचनालयाचं काम आहे का?"

"अर्धं काम आहे गुरुजी, अर्धी मौज," गिरजा म्हणाली. "वरून तसं पत्रच आलंय."

गुरुजी पत्र वाचायला म्हणून बसले. वाचता वाचता त्यांची नजर नकाशाकडे गेली. त्यांनी चष्मा पुसला. नकाशा स्वतःकडे ओढला, मग उजवीकडून फिरवला. "उत्तर कुठं आहे ते पाहिलंत का?"

"वर. उत्तर वरच असते ना?"

"शाळेच्या भिंतीवर असते. हा कागदात मावावा म्हणून आडवा काढलाय. बाणाचा कोपरा वाळवीनं खाल्ला, पण त्याची शेपटी राहिली आहे. ही बघा. उत्तर इकडं आहे."

म्हणजे इतके दिवस ती दुसऱ्याच नाल्याशी वळण जुळवत होती. गुरुजी आता उठायचं नाव घेईनात. खुणा तेच सांगू लागले: "हा फाटा तिथं. हो, तीच पांदण, आजही आहे. टेकडीची ही सोंड. ती नको, पलीकडची." गिरजा टिचक्या मारत गेली. सहावी खूण बसली आणि नकाशा हळूच फिरून जमिनीवर टेकला. नाला नाल्यात गेला. रस्ता रस्त्यात.

कोसमगुडा मध्यभागी नव्हतंच. दक्षिणेला पाण्याचा एक फाटा जमिनीत घुसलेला होता, त्याच्या कडेला ते होतं. काठापासून फार तर दोनशे पावलं.

"इथं तर पानी उथळ आहे," दसरूभाऊ पुटपुटले.

गिरजानं सालांची पट्टी पुन्हा काढली आणि या वेळी फक्त मे महिन्याची चित्रं लावली. गेल्या साली त्या जागी पाणी नव्हतं. तपकिरी, भेगाळलेली जमीन होती. आधीच्या सालीही. त्याच्या आधीच्याही. दर उन्हाळ्यात पाणी मागं सरकायचं आणि कोसमगुडा उघडं पडायचं.

दसरूभाऊ स्टुलावर बसले. "मी इथून सायकल घेऊन गेलो आहे जी. मासोळ्या आनाले. किती डाव गेलो असन." "आनि फुलं वाहून राहिलो तिकडं. खोल पान्यात."

गुरुजी जाताना एवढंच म्हणाले की उद्या मी माझी भिंगं घेऊन येतो.

पुढचा दिवस बाजाराचा. बाजाराच्या दिवशी दसरूभाऊंची मोठी बहीण अनुसयाबाई चिचगडला यायची. धरणाच्या पलीकडच्या काठावरच्या पिंपळटोलीत ती दिलेली होती. वय पासष्ट. ती वाचनालयाच्या ओसरीवर टोपली ठेवायची, भावाच्या हातून पाणी प्यायची, चार शब्द बोलायची आणि जायची. आत कधी आली नव्हती. आत पुस्तकं होती, तिला वाचता येत नव्हतं, मग आत कशाला?

त्या दिवशी गिरजानं तिला हाताला धरून आत नेलं. "बाई, हे बघा. तुमचं गाव सापडलं."

अनुसयाबाईनं पडद्याकडे पाहिलं. वरून दिसणारी जमीन, त्यावर नकाशाच्या फिकट रेघा. कोणी तिला काही समजावून सांगायच्या आधीच तिनं मान थोडी तिरकी केली आणि बोट पुढं नेलं.

"ह्यो नाला. ही टेकडी. इथं आंब्याची रांग होती, पाटलाची. ह्ये घर सुकलूचं." बोट एका चौकोनावर थांबलं. मग खाली सरकलं. "आनि ह्ये आपलं."

"आमी वरचं घर आपलं समजून राहिलो होतो," दसरूभाऊ म्हणाले.

"वरचं काकाचं. आपलं खालचं. मागं वाडी."

"बाई, तुले एवढं कसं मालूम? तू तर बारा-तेरा सालाची होतीस."

"मालूम म्हंजे? आमी जातो ना तिथं. दरसाल. मोहफुलं वेचून येताना थांबतो घडीभर."

दसरूभाऊ तिच्याकडे वळले.

"मंग मले कधी सांगितलं काऊन नाही?"

अनुसयाबाईला प्रश्नच कळला नाही बहुतेक. ती भावाकडे बघत राहिली. "बाबा होते तवा नाव काढता येत नोतं. बाबा गेल्यावर तू कधी इचारलास का? मले वाटलं, तुले नको आहे."

दसरूभाऊंनी ओसरीवर जाऊन बहिणीची टोपली उगीचच सावलीत सरकवली. गिरजाला वाटलं, आता हे सगळं फुकटच गेलं. नकाशा, भिंगं, सहा खुणा. ज्या माणसाला सगळं ठाऊक होतं ते दर आठवड्याला इथंच ओसरीवर पाणी पीत होतं. पण अनुसयाबाई पडद्यासमोरून हलली नव्हती. तिनं विचारलं, "ह्ये वरून कोनं पायलं? आमी जमिनीवरून पायलं सारं. वरून असं दिसते मालूम नोतं. गाव किती लहान होता वो."

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तिघं गेले. उन्हाच्या आधी पोचावं म्हणून गिरजा पहाटेच स्कूटी घेऊन निघाली. दसरूभाऊंच्या मोटारसायकलवर मागं अनुसयाबाई. पाणी बरंच आत गेलं होतं. काठाचा चिखल वाळून त्याचे ताटाएवढे तुकडे झाले होते आणि पायाखाली ते पापडासारखे वाजत होते.

गिरजा फोन हातात धरून चालली होती. नकाशा तिनं फोनवर घेतला होता, आणि आपण कुठं आहोत ते दाखवणारा निळा ठिपका त्यावर सरकत होता. ठिपका चौकोनात शिरला तशी ती थांबली. "हे घर. इथंच."

अनुसयाबाई न थांबता पुढं गेली. तीसेक पावलं. मग वाकून तिनं दोन्ही हातांनी गाळ बाजूला केला. खाली दगड लागला, जमिनीत पुरलेला, मधोमध वाटोळा खळगा. धान कांडायचं उखळ.

"मायचं," ती म्हणाली. "काढता आलं नाही. बंडी भरली होती."

गिरजा फोनकडे बघत होती, उखळाकडे बघत होती. तीस पावलं चुकली कुणाची? पटवाऱ्याची, तिची की आभाळातल्या उपग्रहाची? तिला तिथंच बसून पुन्हा सगळ्या खुणा जुळवाव्याशा वाटल्या. पण दसरूभाऊ गुडघ्यावर बसले होते. त्यांनी खळग्यात हात घातला. आतला दगड घासून घासून गुळगुळीत झाला होता, आणि सकाळचा म्हणून गार होता.

"बाई, निघालो तवा मी एका गोट्यावर बसलो होतो ना? झाडाखाली. मले तेवढंच याद आहे."

"कोन बसला होता?" अनुसयाबाई हसली. "तू माह्या कडेवर होतास. सारा रस्ता बोंबलत. माह्यं कंबरडं मोडलं. गोट्यावर तर देव होते. देव पहिले उचलून नेले, मंग आमी निघालो."

दसरूभाऊही हसायला लागले. डोळे पुसत हसत होते. आयुष्यभर जपलेली एकुलती एक आठवण बहिणीनं एका वाक्यात काढून घेतली होती आणि तिच्या जागी दुसरी दिली होती.

मग अनुसयाबाईनं त्यांना गाव दाखवलं. इथं विहीर, बुजली. इथं बकऱ्या. इथं सुकलूची बायको चुलीवर अंबाडी शिजवायची, वास इकडंपर्यंत यायचा. दसरूभाऊ मागं मागं चालत होते आणि सारखं विचारत होते. ह्ये काय होतं? त्याच्या पलीकडं कोन? त्याहीपलीकडं? सत्तावन्न वर्षांचा माणूस एवढे प्रश्न विचारू शकतो हे गिरजानं पहिल्यांदा पाहिलं. आणलेली मोहाची फुलं त्यांनी उखळाच्या खळग्यात ठेवली. उन्ह चढलं तेव्हा तिघं काठावरच्या पळसाखाली बसून भाकर आणि आंब्याचं लोणचं जेवले.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी अनुसयाबाईचा मुक्काम आतच पडू लागला. नकाशावर नावं चढवायची होती. ती सांगायची आणि दसरूभाऊ टंकायचे. होय, दसरूभाऊच. एका बोटानं, मध्ये थांबत, प्रत्येक अक्षर शोधत. गिरजानं मदतीला हात पुढं केला तर म्हणायचे, "राहू द्या मॅडम, सापडते मले." नवीन वस्तीतली इतर माणसंही येऊ लागली. सुकलूचा नातू आला, आपल्या आजोबांचं घर फोनमध्ये घेऊन गेला. बकऱ्यांचा कोठा डावीकडे होता की उजवीकडे यावरून अनुसयाबाईचं आणि एका म्हाताऱ्याचं असं वाजलं की गुरुजींना मध्ये पडावं लागलं. शेवटी कोठा दोन्हीकडे लिहिला.

जून लागला. आभाळ भरून येऊ लागलं होतं. एका संध्याकाळी गिरजा खिडक्या लावून किल्ली हातात घेऊन आली, तर बहीणभाऊ अजून पडद्यासमोर होते.

"आता काय बघता?"

"बाई इचारून राहिली," दसरूभाऊ मागं न बघता म्हणाले, "का धरनाचं पानी जाते कुठं."

सांडव्यापासून त्यांनी नाला धरला होता. माऊस हातात घट्ट पकडून ते पडदा थोडा थोडा सरकवत होते. नाला एका नदीला मिळाला. अनुसयाबाईनं नाव विचारलं. त्यांनी जवळ जाऊन वाचलं आणि सांगितलं. ती नदी वैनगंगेत शिरली. वैनगंगेचं नाव अनुसयाबाईला माहीत होतं, पण ती एवढी लांब असेल असं तिला वाटलं नव्हतं. गावं येत होती, जात होती. मग प्राणहिता आली. मग गोदावरी, एवढी रुंद की पडद्यात दोन्ही काठ मावेनात.

"अजून आहे पुढं?" अनुसयाबाईनं विचारलं.

"आहे. दाखवतो ना."

गिरजानं किल्ली टेबलावर ठेवली, एक खुर्ची ओढली आणि दोघांच्या मागं बसून तीही बघू लागली.